उद्घाटनाच्या चपला

ऑफिसात घालायच्या चपलांना आज तेल चोळलं आणि त्या वासाबरोबर नारायण पेठेतलं आमचं दुकान समोर आलं.

तेव्हा घरोघरी संगणकाचे क्लास निघाले होते, मीही एकात जात होते. दुकानासमोर परदेशी बुटांचं शोरूम येत होतं. आता हातानं चपला शिवणारे बाबा संपले, असं अख्खी पेठ आम्हाला अतिशय आपुलकीनं सांगत होती.

उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या नव्याकोऱ्या बुटाचा सोल गाडीतून उतरतानाच सुटला. फटफट वाजवत ते आमच्या पायरीशी आले.

"अहो, पटकन चिकटवून द्या."

"चिकटवलेलाच होता, म्हणून सुटला," बाबा म्हणाले. "आम्ही शिवतो. संध्याकाळी या."

"अहो, फीत आत्ता कापायचीय!"

बाबांनी स्वतःच्या चपला काढून पुढे सरकवल्या. "या घालून जा. आठ वर्षं रोज वापरतोय, टाका उसवलेला नाही."

त्या घालून पाहुणे परदेशी बुटांच्या टिकाऊपणावर वीस मिनिटं बोलले. बाबा उंबऱ्यात अनवाणी उभे राहून ऐकत होते. मला तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं. आज आठवतं ते वेगळंच: सगळा बोळ भाषण सोडून पाहुण्यांच्या पायांकडे बघत होता.

संध्याकाळी पाहुणे आले. शिवलेल्या बुटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "माझं माप घ्या," म्हणाले.

बाबांनी कागद पसरला, पावलाभोवती पेन्सिल फिरवली.

"पंधरा दिवसांनी या. आणि माझ्या चपला ठेवून जा."