पासवर्डकाका आणि बोर्डावरचा भुंगा

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण आमच्या इमारतीत त्याला कुणी चष्मेवाला म्हणत नाही. लहानथोर सगळे त्याला पासवर्डकाका म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलंय. जिन्यात कुणी भेटलं की माणसं साधारण तब्येतीची चौकशी करतात. हा विचारतो, "पासवर्ड बदललात का?" वरच्या मजल्यावरचे आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "बाबा रे, दात बदलले, गुडघा बदलला, आता पासवर्ड तेवढा राहू दे माझा." तर हा तिथेच पायरीवर बसला आणि त्यांचा फोन मागायला लागला.

संगणक जोडणं हा त्याचा छंद. छंद हा शब्द मी लोकांसमोर वापरते, घरात मी त्याला दुसरं काही म्हणते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कायम कुठल्यातरी मशीनचं पोट उघडं पडलेलं असतं, आणि मिठाच्या डबीत मला एकदा स्क्रू सापडलाय. नात्यात कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की तो आधी आमच्या घरी येतो. हा त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकासारखंच बसवतो. डोळे तपासताना जसं एक भिंग लावायचं, मग दुसरं लावायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे?", तसंच इथेही. रॅम जास्त हवी की स्क्रीन मोठा? हलका हवा की दणकट? हे की हे? समोरचा काकुळतीला येऊन म्हणतो, अहो, मला फक्त बिलं भरायचीत. पण एक खरं सांगते, याने निवडून दिलेलं मशीन घेऊन कुणी पस्तावलेलं मी पाहिलं नाही. शेजारची शिवणकाम करणारी एक भलंमोठं मशीन घ्यायला निघाली होती, आतून रंगीबेरंगी दिवे लागणारं. याने तिला साधंच घ्यायला लावलं आणि उरलेल्यात एक चांगली खुर्ची. मशीनबद्दल ती काही बोलत नाही, पण खुर्चीचं नाव काढलं की याला दुवा देते.

त्याचे नियम मात्र डोकं उठवतात. घरातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. प्रत्येक डिस्कला कुलूप, म्हणजे मशीन चोरीला गेलं तरी चोराला आत काही वाचता येऊ नये. स्क्रीनवर जे कळत नाही त्याला 'हो' म्हणायचं नाही. आणि हल्ली आवाजाची नक्कल करून लोकांना फसवतात म्हणून आमच्या घराण्याला एक परवलीचा शब्द. कुणीही घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन करून काही करायला सांगितलं की आधी शब्द विचारायचा, तो आला नाही तर फोन ठेवून द्यायचा. हा शब्द तो अधूनमधून बदलतोही. माझ्या भावाने, ज्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, सुरुवातीला खूप चेष्टा केली. मग एकदा त्याच्या गाळ्याशेजारचा किराणावाला अशाच फोनला बळी पडला, तेव्हापासून भाऊ दाजींचा पट्टशिष्य झाला. शिष्य गुरूपेक्षा कडक असतात हे आम्हाला पुढे कळलं.

"सगळ्यात धोक्याचा आवाज तुझा आहे," नवरा मला नेहमी म्हणतो. याला कारण आहे. दृष्टिहीन मुलांच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. नोकरीतून मोकळी झाल्यापासून हेच माझं काम. कपड्यांच्या कपाटात रजयांच्या मध्ये स्टूल टाकून, दार ओढून घेऊन वाचते, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही. तासन्‌तास वाचलेला माझा आवाज कुठे कुठे जातो, त्यातून नक्कल करणाऱ्याला हवा तेवढा माल मिळेल, असं याचं म्हणणं.

त्या वेळी माझ्याकडे विज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक होतं. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीसाठी. आधीच्या खेपेला पुस्तकच वेळेत मिळालं नाही म्हणून तिची परीक्षा हुकली होती. या पुस्तकाचं दुसरं कुणी केलेलं वाचन नव्हतं, आणि ब्रेलमध्ये छापून येईपर्यंत ही परीक्षाही उलटून गेली असती. नमुन्याचा पहिला धडा तिला पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "बाई, छान वाचता. पण मागे कुणीतरी भुंगा पाळलाय का?"

भुंगा म्हणजे आमच्या मशीनमधल्या मदरबोर्डावरचा पंखा. सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाला स्वतःचा एक टिचभर पंखा होता, आणि तो सतत घूं घूं करायचा. कपाटाचं दारही त्याला अडवत नसे. मी ते हसण्यावारी नेलं. नवऱ्याने नाही नेलं. माझ्या कामात त्याच्या मशीनने खोट काढली हे त्याला लागलं. त्याने मला डोळे मिटून खुर्चीत बसवलं आणि फोनवर एकेका बोर्डाचा आवाज ऐकवायला लागला. "हा की हा?" मी म्हटलं, "अरे, मला दोन्हीत काहीच ऐकू येत नाही." तो म्हणाला, "तोच घ्यायचा मग."

तोवर शेवटचा धडा सोडून सगळं पुस्तक वाचून झालं होतं. एका शनिवारी सकाळी, मी आंघोळीला गेलेली असताना, याने जुना बोर्ड काढून बिनपंख्याचा नवा बसवला. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, तोच ठेवला. मी बाहेर आले तर, डिस्क जोडायची बाकी असली तरी मशीन चालू आणि घरात चक्क शांतता. नवरा लग्नात नसेल इतका खूश. मी कपाटात जाऊन त्याच्या दुसऱ्या छोट्या रेकॉर्डरवर शेवटचा धडा वाचला, अगदी स्वच्छ. पुस्तक एकत्र करून पाठवायचं म्हणून बाहेर आले, तर तो स्क्रीनसमोर खांबासारखा उभा.

स्क्रीन निळा होता आणि मशीन किल्ली मागत होतं.

त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. डिस्कला कुलूप असतं. ते रोज उघडायचं काम एक सुरक्षेची व्यवस्था गुपचूप करते, आणि तिची आठवण प्रोसेसर आणि बोर्ड या दोघांत मिळून असते. जोडी फुटली की तिला वाटतं चोर आला, आणि ती आकड्यांची एक लांबलचक किल्ली मागते. बोर्ड बदलण्याआधी कुलूप काढून ठेवायचं असतं, हे जगाला सांगणारा माणूस स्वतः उत्साहाच्या भरात विसरला.

"मग टाक ना किल्ली," मी म्हटलं.

त्याने की-बोर्ड उगाच सरळ केला.

"कुठे आहे किल्ली?"

"जपून ठेवलीय."

"कुठे?"

त्याने डिस्ककडे बोट दाखवलं. "आत."

कंपनीच्या खात्यावर किल्ली ठेवायची सोय असते म्हणे. पण आपली किल्ली परक्याच्या खिशात कशाला, म्हणून याने ती ठेवली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी एक आशा होती. "बॅकअप?" मी विचारलं. तो खाली बसला. नव्या मशीनला नवा बॅकअप हवा म्हणून त्याने बॅकअपची वेगळी डिस्क सकाळीच पुसून कोरी केली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. एवढा रडवेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला पुस्तक पुन्हा वाचता आलं असतं, पण परीक्षेच्या आत नाही. त्या मुलीची दुसरीही संधी आमच्या टेबलावर, आमच्याच हाताने जाणार होती, आणि तिला ते कळवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"जुना बोर्ड," तो एकदम म्हणाला. "जुन्या बोर्डात हाच प्रोसेसर परत बसवला तर उघडेल. जोडी जुळेल!"

"मग बसव!"

"तू कपाटात वाचत होतीस तेव्हा तुझा भाऊ येऊन घेऊन गेला."

भावाच्या दुकानातलं मशीन बंद पडलं होतं. एक जुना प्रोसेसर घालून याने बोर्ड त्याला देऊन टाकला होता. आणि याचा आणखी एक नियम आहे: दुसऱ्याकडून आलेला भाग आधी पुसायचा, म्हणजे त्यातली जुनी आठवण काढून टाकायची, मग वापरायचा. पट्टशिष्याने पुसला असेल तर सगळं संपलं.

नवऱ्याने फोन लावला. "अरे, तो बोर्ड! जे करतोयस ते सोड, कशालाही हात लावू नकोस!"

 पलीकडून भाऊ थंडपणे म्हणाला, "शब्द?"

 गेल्याच आठवड्यात नवऱ्याने शब्द बदलला होता. तो आता त्यालाही आठवेना आणि मलाही. "शब्द गेला खड्ड्यात! मी दाजी बोलतोय!"

"असंच म्हणतात सगळे," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी केला. मी नुसतं "अरे, मी ताई" म्हणायचा अवकाश, तो कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "बघा, ताईचा पण आवाज काढलाय लेकांनी." फोन कट. पुन्हा लावला तर लागेचना. त्याने आम्हा दोघांनाही ब्लॉक केलं होतं.

आता निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नवऱ्याने प्रोसेसर काढला आणि चष्म्याच्या केसमध्ये, पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला. डिस्क आणि शेवटच्या धड्याचा रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये. स्कूटरवर मी मागे बसून एका हाताने पर्स छातीशी धरली होती. प्रत्येक सिग्नलला तो पुटपुटत होता, "पुसला नसेल. पुसला नसेल." माझ्यातला सगळा राग वाटेतच कुठेतरी गळून पडला. या वेड्याने हे सगळं माझ्या वाचनात घूं घूं येऊ नये म्हणून केलं होतं, हे मला त्याच्या पाठीला टेकून बसल्यावर आठवलं.

भाऊ दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. आम्हाला बघून उठला. "तुम्ही खरे आहात होय! मघाशी तुमच्या नावाने काय भामटे फोन करत होते, सांगतो तुम्हाला."

"बोर्ड," नवरा म्हणाला. 

"लावलाय की. पण अडलोय." भावाने ग्रीसचा हात पँटला पुसला आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळी होत्या. "काहीतरी विचारतंय. नवीन प्रोसेसर दिसतोय, जुनं सुरक्षेचं सगळं पुसू का? हो की नाही? मला नीट कळलं नाही. आणि तुम्हीच सांगितलंय, दाजी, जे कळत नाही त्याला हो म्हणायचं नाही. म्हणून तसंच ठेवून पंक्चर काढायला बसलो. म्हटलं, उद्या तुम्ही आलात की विचारू."

नवऱ्याने 'नाही'ची कळ दाबली.  मशीन बंद करून त्याने प्रोसेसर बदलला, माझ्या पर्समधली डिस्क जोडली आणि बटण दाबलं. बोर्डावरचा तो टिचभर पंखा घूं घूं करायला लागला. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे. किल्ली कुणी मागितली नाही. आमचं नेहमीचं चित्र उघडलं, आणि त्याच्यावर माझं पुस्तक, धड्यांच्या ओळीने, जसंच्या तसं.

माझा जीव भांड्यात पडला. मी सायकलींच्या मध्येच एका उलट्या बादलीवर बसले आणि मला रडू आलं. नवरा माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता. म्हणाला, "काय सुंदर आवाज आहे गं याचा." भाऊ आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो आधी हादरला आणि मग जे हसत सुटला ते त्याच्या गिऱ्हाइकाने सायकल मागेपर्यंत. हसणं ओसरल्यावर त्याने दाजींना हळूच नवा परवलीचा शब्दही सांगितला.

पुस्तक आम्ही तिथूनच पाठवलं. कुलूप आधी काढून, डिस्क नव्या बोर्डावर नेऊन, पुन्हा लावलं, आणि जुना बोर्ड भावाकडेच राहिला. किल्ली आता कागदावर आहे. ती कुठे ठेवायची यावरून नवऱ्याने दोन जागा दाखवून "इथे की इथे?" सुरू केलं, तेव्हा मी त्याला खोलीबाहेर काढलं आणि तिसरीच जागा निवडली. त्याने पुन्हा विचारलं नाही. याआधी या घरात त्याने कुठल्या मशीनची किल्ली माझ्या हातात दिली नव्हती.

दोन दिवसांनी त्या मुलीचा निरोप आला. नवऱ्याला ऐकू जावा म्हणून मी तो मोठ्याने लावला. "बाई, सगळं पुस्तक मिळालं, अभ्यास सुरू केलाय. पण शेवटच्या धड्यात तुमच्या घरातला भुंगा एकदम गायब आहे. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरी सगळे बरे आहेत ना?"

नवरा इतका फुलला की मला त्याच्याकडे बघवेना. मी तिला उलट निरोप पाठवला की घरी सगळे बरे आहेत, भुंगा माझ्या भावाकडे राहायला गेलाय, आणि तू परीक्षेला जा.