लासलगावच्या मामांचा कांदा

कांदा हे सर्व रोगांवरचं औषध आहे, असं माझे लासलगावचे मामा फार गंभीरपणे सांगत. मामा कांद्याचे व्यापारी होते.

आज भरतासाठी कांदा भाजताना त्या गोडसर, करपट वासाने मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. खोकून छाती दुखत होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या नाटकात मी राजा होतो. मामा लिलावातल्यासारखे एकेक कांदा दाबून पाहत होते.

“दादा, डॉक्टरांचं औषध चालू आहे त्याला,” आई म्हणाली.

“चालू दे की. ह्यो उन्हाळ कांदा हाय, लय गुणाचा.”

भाजलेल्या कांद्याचा रस गुळासोबत पोटात गेला, उरलेला मामांनी छातीला चोळला. त्या उबेत मी शांत झोपलो. गुण कुणाच्या औषधाचा, ते आजही सांगता येत नाही.

नाटकात राजा एकदाही खोकला नाही. राणी मात्र शेवटपर्यंत सिंहासनापासून चार हात लांब उभी होती.