तारा पुसायचा कापूस

आमच्या बुलढाण्याच्या ऑर्केस्ट्रात मी मिक्सरवर बसायचो आणि मास्तर गिटार वाजवायचे. सोलो त्यांनी कधी मागितला नाही. त्यांना फक्त तालावर वाजणारी तारांची ती 'चुक-चुक' हवी असायची, पाय आपोआप हलायला लावणारी, स्वच्छ आणि लख्ख. "बेस उतरव, ट्रेबल चढव, इको बंद कर. आवाज कसा धुतलेला पाह्यजे," हे ते मला प्रत्येक लग्नात नव्याने सांगायचे.

घामानं तारांचा आवाज बसतो, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये ते कापसानं तारा पुसायचे. कापूस आमचा देऊळघाटचा ड्रमर स्वतःच्या वावरातून आणायचा. मास्तर नखानं सरकी काढायचे, तारा पुसायचे आणि काळा झालेला बोळा फेकून द्यायचे. "फेका मास्तर, वावरात ढीग हाय," ड्रमर हसून म्हणायचा.

बोंडअळीच्या वर्षी फवारणी करताना विष अंगात भिनलं आणि तो गेला.

पुढच्या लग्नात ड्रमवर दुसराच माणूस होता. मास्तरांच्या गिटारचा आवाज मातकट येत होता. मी ट्रेबल पूर्ण चढवला, तरी तो उजळेना. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेलो. गिटारच्या पेटीत देऊळघाटचा मूठभर पांढरा कापूस होता, सरकीसकट.

"मास्तर, कापूस तर हाय. मंग तारा काऊन नाही पुसून राह्यले?"

त्यांनी पेटीचं झाकण हलकेच लावलं.

"काळा होते बे थो," ते म्हणाले.