न मोजलेल्या लेकी

रोहिणखेडच्या निवृत्तीच्या घरात वयाचं चव्वेचाळिसावं वर्ष कुणी पूर्ण केलं नव्हतं. आजा तुळशीराम, बाप महादेवराव, थोरला भाऊ गोपाल. तिघंही वयाच्या त्याच वर्षी, पोट धरून गेले. वांगी अन् मेथी पिकवणारी माणसं. फोटो शेजारी लावले तर एकाच माणसाचे तीन वाटावेत.

गावाला कारण हवं होतं, ते मी पुरवलं. तीस वर्षांपूर्वी पारावर बसून एक बाई रचली. हिरवं लुगडं नेसलेली. तुळशीरामनं तिला विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून ती घरातल्या पुरुषांना शाप देऊन गेली. फार छान जमली होती. दोन वर्षांत लोक ती गोष्ट मलाच सांगू लागले, वर माझ्या चुकाही काढायचे.

निवृत्तीला चव्वेचाळिसावं लागायला आलं तसा तो गप्प झाला आणि बिड्या वाढल्या. बिडी त्यांच्याकडे पितरांकडूनच आलेली. पितरांच्या पानावर वड्यांसोबत एक पेटलेली बिडी ठेवायची, आणि कावळा शिवेपर्यंत ती विझू नये म्हणून घरच्या पुरुषांनी मधूनमधून झुरका मारायचा. बाप गेला त्या वर्षी पंधराव्या वर्षी निवृत्तीनं पहिला झुरका मारला तो असा.

त्याची बायको पुष्पाबाई माझ्याकडे आली. यांच्या शौचातून रक्त जातं, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत, म्हणाली. ती बाई खोटी आहे हे तुम्हीच सांगा. मी गेलो, सगळं कबूल केलं. निवृत्ती हसलाही नाही.

"आबा, तुमी आता खोटं बोलून राह्यले. मी पाह्यलं तिले, मेथीच्या वाफ्यात. हनवटीखाली डावीकडं तीळ हाये."

तीळ मी तिला मनातल्या मनात दिला होता. तोंडातून कधी काढला नव्हता. त्या दिवशी मी मळ्यातली पायवाट सोडून लांबच्या रस्त्यानं घरी आलो.

त्याची लेक संजीवनी खामगावला नर्सिंग शिकते. तिनं घराण्याचा तक्ता काढून तिथल्या डॉक्टरांना दाखवला. पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल, कॅन्सरनं गेलेले काळे. डॉक्टरांनी विचारलं, आत्यांचं काय? ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. लग्न करून दिलेल्या लेकी दिल्या घरच्या, त्यांची मरणंही तिकडचीच. माझ्या शापातही त्यांना जागा नव्हती. संजीवनीनं फोन लावले. एक आत्या सुलतानपूरला गेलेली, दुसरी चिखलीकडे. दोघी चाळिशीत, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. दोन गोल काळे झाले.

डॉक्टर म्हणाले, हा रक्तातून उतरणारा दोष आहे. मुलगा असो की मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी. बिडी, दारू, सुटलेलं पोट यांनी धोका आणखी वाढतो. ते सोडलं तरी दोष जात नाही, म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी हवीच.

तिनं तक्ता बापासमोर ठेवला. सगळ्यात खाली तिचा स्वतःचा गोल, अजून कोरा.

"बाबा, तुमचं रक्त आधी तपासलं तर माह्यं काय ते समजन."

शाप धरून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाला.

दोष निघाला. आतड्यात गाठही निघाली, कॅन्सर व्हायच्या आधीची, ती काढली. बिडी सुटली. मग संजीवनीचं रक्त गेलं. तिच्यातही दोष आहे. आपल्या गोलात तिनं स्वतःच्या हातानं दोषाचा ठिपका दिला आणि बाजूला पहिल्या तपासणीचं वर्ष लिहिलं.

त्या भाद्रपदात पानावर बिडी ठेवली तेव्हा निवृत्ती हात मागे बांधून उभा राहिला. झुरका कुणी मारला नाही. वारा नव्हता. बिडी दोऱ्यापर्यंत जळली, मधूनमधून लालभडक होत, जसं कुणी ओढावं तशी. आम्ही तिघं बघत होतो. पुष्पाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, बस.

गेल्या महिन्यात निवृत्तीला पंचेचाळिसावं लागलं. हल्ली संध्याकाळी येतो, समोर बसतो आणि मला नुसता पाहत राहतो. मी कसा उठतो, पाणी कसं पितो. परवा मी चिडवलं, काऊन बे, माह्यी तारीख काढून राह्यला काय? तर म्हणाला, आमच्या घरात म्हातारा माणूस कोणी पाह्यलाच नाही.

मग अगदी गंभीरपणे विचारलं, "आबा, गुडघे कितव्या वर्षापासून दुखतात?"