दाजींचा हरवलेला बोल्ट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दैफल्लाह मास्तर यांच्या घरी अकरा बंदुका आहेत आणि त्यांनी जन्मात एक गोळी झाडलेली नाही. लग्नात लोक आकाशात बार काढतात, तेव्हा आमचे दाजी कानात बोटं घालून बसतात. बार संपले की शेजाऱ्याच्या हातातली बंदूक ओढून घेतात आणि तिच्यावर भिंग धरतात. नवरदेव राहिला बाजूला.

त्यांचा सगळा जीव जुन्या तुर्की माउझरवर. तुर्क गेले, बंदुका आमच्या येमेनात राहिल्या. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला असतो: नळीच्या बुडाशी, गोळी आत ढकलणाऱ्या मागच्या सरकत्या बोल्टवर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. सगळे नंबर एक असले तर बंदूक अखंड, असं दाजींचं शास्त्र. तुर्की साल आणि आपलं हिजरी साल यांतला फरक त्यांनी सना शहराच्या बाजारात एका दुकानदाराला इतका वेळ समजावला, की शेवटी त्याने दुकानच बंद केलं.

आमच्या खोऱ्यात मात्र दर तिसऱ्या बंदुकीत बोल्ट दुसरीचा. दाजींच्या आजोबांची बंदूक ४१३७ नंबरची आणि तिच्यातला बोल्ट २९०८ नंबरचा. या एका गोष्टीवरून त्यांचं डोकं बावीस वर्षं फिरलेलं होतं. मरायच्या आधी ती बंदूक अखंड करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

"गाढवं आहात सगळे!" दुपारी कात या झाडाचा हिरवा, तरतरी आणणारा पाला चघळायला माणसं जमली की ते सुरू होत. "दोन घरांत भांडण झालं की दोघांच्या बंदुका टोळीच्या शेखकडे जामीन ठेवायच्या. ठीक आहे. शेख बोल्ट काढून पोत्यात टाकणार. तेही ठीक. पण निकाल लागल्यावर परत देताना नंबर बघायला काय होतं रे?"

"गोळी सुटते ना मास्तर? मग झालं!" गालात कात भरलेला कोणीतरी म्हणे, आणि बाकीचे जमिनीकडे बघत.

माझ्याकडे पिकअप आहे, हा माझा गुन्हा. दर गुरुवारी दाजी वही घेऊन पुढच्या सीटवर हजर. एकशे साठ बंदुकांचे नंबर त्या वहीत होते आणि न जुळणाऱ्या प्रत्येक नंबराभोवती रागाने काढलेलं वर्तुळ. मी त्यांना कुठे कुठे नेलं नाही! फक्त ओढ्यापलीकडच्या तकिय्या म्हातारीकडे नेलं नाही. रस्ता खराब आहे, टायर गुळगुळीत झालेत, तिचा कुत्रा चावतो, काय वाट्टेल ते सांगितलं. कारण तो बोल्ट तिच्याच घरात होता. मला ठाऊक होतं. खोऱ्यातल्या प्रत्येक पिकल्या दाढीला ठाऊक होतं. दाजी लहानपणीच तैझ शहरात मामाकडे शिकायला गेले, म्हणून तेवढे कोरे राहिले.

आणि सांगता येत नव्हतं. आमच्यात खुनाचा निवाडा झाला की प्रकरण पुरतात. पुरलेल्याचं नाव काढायचं नाही. जो काढील त्याने भांडण नव्याने लावलं, असं धरतात. बावीस वर्षं मी दात-ओठ खात गाडी चालवली. कधी वाटे, ओरडून सांगावं. कधी वाटे, ती वहीच दरीत फेकावी.

गेल्या हिवाळ्यात माझा गिअरबॉक्स गेला. दाजी पायीच निघाले आणि नेमके ओढ्यापलीकडे पोचले. भिंतीवर बंदूक २९०८, तिच्यात बोल्ट ४१३७. त्यांना रडू फुटलं म्हणे.

तकिय्या म्हणाली, "बोल्ट मिळणार नाही." का, ते सांगेना. दाजी पुन्हा गेले. असे सहा वेळा गेले. बदल्यात चांगली बंदूक देतो म्हणाले, बैल देतो म्हणाले. सातव्या वेळी म्हातारी डॉक्टरकडे गेली होती. घरी तिचा मुलगा मुसइद. सौदीत वीस वर्षं ट्रक चालवून आलेला, त्याला जुन्याचं काय सोयरसुतक!

"दोघांचे बोल्ट आपापल्या बंदुकीत जातील ना? मग न्या," तो म्हणाला, "आणि माझा पिच्छा सोडा!"

त्याच दुपारी दाजींनी मला बोलावून घेतलं. मांडीवर बंदूक. "काइद, बघ, बघ! इथे ४१३७, इथे ४१३७, स्क्रूवर ४१३७!" बोल्ट आतबाहेर सरकवत होते. इतके खूश मी त्यांना बहिणीच्या लग्नातही पाहिले नव्हते. आणि मला असा संताप आला, की मी बोलून गेलो.

"दाजी, तुमच्या आजोबांनी याच बंदुकीने विहिरीवर तकिय्याच्या भावाला मारलं. शेखने निवाडा दिला, की मारणाऱ्याचा बोल्ट मेलेल्याच्या घरात राहील आणि त्यांचा तुमच्या घरात. पुन्हा कोणी बंदूक उचलली, तर आधी समोरच्या घरचं लोखंड हाताला लागावं, म्हणून. पोत्यात काही मिसळलं नव्हतं. माझे आजोबा साक्षीला होते."

दाजींनी हळूच वही ओढली. एकेका वर्तुळावर बोट ठेवत गेले. ही चूक नव्हे, तो एक मेलेला माणूस. तीही चूक नव्हे. किती तरी वेळ ते पानं उलटत होते.

"बावीस वर्षं मी तुम्हाला गाढव म्हणतोय," ते शेवटी म्हणाले, "आणि तू ऐकून घेतोस?"

"काय करणार होतो मी?"

"निदान एक शिवी तरी परत द्यायचीस!"

गिअरबॉक्स तोवर दुरुस्त झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपने निघालो. "रस्ता तर चांगला आहे की," दाजी खवचटपणे म्हणाले. ओढा ओलांडेपर्यंत त्यांनी बोल्ट दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

तकिय्या दारातच बसली होती. रात्रभर रागाने झोपली नसावी. दाजींनी बोल्ट तिच्यापुढे धरला. तिने बोल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला कोणी काही सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही मावशी," दाजी म्हणाले. "माझ्याच वाचण्यात चूक झाली. हा नंबर आमचा नाही. आमचा तो तुमच्या बंदुकीत आहे."

आतून मुसइद हसत बाहेर आला. "वा मास्तर! सात खेपा घातल्या आणि नंबर चुकीचा? थांबा, सगळ्या खोऱ्याला सांगतो."

"सांग," दाजी म्हणाले.

म्हातारीने बोल्ट ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि आम्हाला आत बोलावलं.