मयताजवळ बसणारी कोन्सिंग

आमच्या गल्लीत कुणी गेलं की पाद्रीबाबांच्याही आधी कोन्सिंग पोहोचायची. पनाय बेटाच्या किनाऱ्यावर आमच्या गावात मयत पाच-सात दिवस घरातच असतं आणि त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नसतं. रात्री मयताजवळ पत्ते कुटत जागायला माणसं हवी तेवढी मिळतात, पंचाईत दुपारची. दोनच्या उन्हात सगळं गाव आडवं होतं. ती दुपारची पाळी कोन्सिंग मागून घ्यायची. काय हिची भक्ती, असं बायका म्हणायच्या. ती मान खाली घालायची. खाली मांडीवर वही असायची.

घरात ती वही घेऊन टेकली रे टेकली की घराला वाटे, चला, बाई रिकामी झाली. नवऱ्याला, तेयोला, नेमकी तेव्हाच जाळं विणायची सुई सापडत नसे. सासूची पाठ खाजू लागे. संडासात बसून लिहून पाहिलं, तर सासूने दारावर थापा मारून बाहेर काढलं आणि जुलाबावर पेरूच्या पाल्याचा काढा पाजला. चर्चच्या मागच्या बाकावर बसली, तर पाद्रीबाबांनी तिला फुलं सजवायच्या कामाला जुंपलं. मग तिचे काका वारले. शवपेटीशेजारी बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की मयताजवळच्या बाईला कुणी उठवत नाही. हातात झाडू देण्याचा तर प्रश्नच नाही, मयताच्या घरात केर काढायचा नसतो. वर कॉफी-बिस्किटं आयती. काकांच्या पाच दुपारींत चौदा पानं झाली.

आमच्या रेडिओवर दुपारी श्रुतिका लागते. तिच्यासाठी लोकांकडून आमच्या बोलीतल्या गोष्टी मागवल्या होत्या. कोन्सिंगची गोष्ट दीपगृहावरच्या एका विधुराची आणि मासळी वाळवणाऱ्या बाईची. चार मयतांत नऊ प्रकरणं हातावेगळी झाली. राहिलं फक्त शेवटचं, आणि मुदत शुक्रवारची. नेमकं तेव्हाच गाव ठणठणीत. तीन आठवडे कुणाला साधं पडसं नाही. बाजारात ती म्हाताऱ्यांच्या खोकल्याची जरा जास्तच आपुलकीने चौकशी करू लागली. "आता बरा आहे" ऐकलं की तिचा चेहरा पडायचा. मग स्वतःचीच लाज वाटून घरी जाऊन जपमाळ ओढायची.

सोमवारी दुपारी तिला लोलो आंबोंच्या दारात मयताच्या घरी बांधतात तशी निळी ताडपत्री बांधलेली दिसली, खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. लोलो म्हणजे गल्लीचे आजोबा, वय चौऱ्याऐंशी. आता विचारायचं काय राहिलं? तिने काळा ब्लाउज चढवला, वही बगलेत मारली, चेहरा बेताचा दुःखी केला आणि आत शिरली.

लोलो आरशासमोर दाढी करत होते.

"कोण गेलं गं, इंदाय?" त्यांनी फेसातून विचारलं. आमच्याकडे म्हातारी माणसं लेकीबाळींना अशीच हाक मारतात.

मागच्या अंगणातून भाजलेल्या डुकराचा खमंग वास येत होता. ताडपत्री वाढदिवसाची होती. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं कोन्सिंगला झालं. शुभेच्छा द्यायला आले, असं ती कसंबसं पुटपुटली.

"काळ्या कपड्यांत?" लोलोंनी वस्तरा खाली ठेवला. "तीन आठवडे माझा खोकला विचारतेयस. बरं वाटतंय म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतं. मी तुझं काय घोडं मारलंय?"

मग मात्र तिने सगळं सांगून टाकलं, पेरूच्या काढ्यासकट. म्हातारा इतका हसला की फेस आरशावर उडाला.

"मी मेल्याशिवाय तुला बसायला मिळत नाही, एवढंच ना? नुसता आजारी पडलो तर चालेल?"

मंगळवारी, वाढदिवसाचं डुक्कर बाधलं असं सांगून लोलो बांबूच्या बाकावर आडवे झाले. दुपारी उशाशी कुणीतरी शांत माणूस हवं, असं क्षीण आवाजात म्हणाले आणि बोटाने कोन्सिंगला निवडलं. घरात त्यांचं बघणाऱ्या लेकीला बरंच झालं, तिला झोप मिळाली. तेयो सुई विचारायला आला, तेव्हा लोलोंनी असा काही उसासा सोडला की तो टोपी काढून उलट्या पावली परत गेला. म्हाताऱ्याची अट एकच, लिहिलेलं वाचून दाखवायचं.

गुरुवारी कोन्सिंगने विधुराला वादळात बुडवायला घेतलं.

"बुडवायचा नाही," लोलो डोळे मिटूनच म्हणाले.

"रेडिओवर लोकांना रडायला आवडतं, लोलो."

"मी इथे तीन दिवस पेज पिऊन मरतोय. निदान त्याने तरी जगावं."

ती चिडली. गोष्ट कुणाची आहे, असं तिने विचारलं. लोलोंनी तोंड भिंतीकडे केलं. तिने लिहिलेल्या वादळावर काट मारली. मग तिचा हात चालू लागला. विधुराची होडी काठाला लागली आणि मासळीवाली त्याला बिलगली नाही काही, उशीर केला म्हणून चारचौघांत तिने त्याची खरडपट्टी काढली. तिने ते वाचून दाखवलं. लोलोंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच नाक शिंकरलं.

शुक्रवारी सकाळी जाड पाकीट रेडिओ केंद्राच्या खिडकीत पडलं. दुपारी लोलोंनी दोन थाळ्या भात चापला आणि गल्लीत चमत्काराची बातमी पसरली.

शनिवारी कोन्सिंग रिकाम्या हातांनी जाताना दिसली, तशी त्यांनी तिला खिडकीतून हटकलं.

"दुसरी गोष्ट सुरू केलीस का?"

"अजून नाही, लोलो."

"मग विचार करून ठेव. सोमवारपासून माझे गुडघे धरणार आहेत."