तिसरा कडा

"फुडं दरी हाय, पाय ब्रेकवर."

पौडचे आमचे चाचा हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. ताम्हिणी घाटात तीस वर्षं जीप चालवलेला माणूस, उतारवयात हिंजवडीला आमच्या कंपनीच्या कॅबवर आला. रस्ता सपाट असला तरी वाक्य तेच, आणि साधा पूल आला तरी गाडी मुंगीच्या पावलाने. मागे बसून आम्ही घड्याळाकडे बघत चरफडायचो. तुम्हीही चरफडला असता.

अशा माणसाने एक दिवस मला विचारलं, "सायेब, ती पळत-पळत गोळ्या मारायची गेम येती का तुमाला?"

मला हसू आलं. मग कारण कळलं आणि हसल्याची लाज वाटली. त्यांची एकुलती एक मुलगी हा खेळ खेळायची. दोन वर्षांपूर्वी तिला बघायला पाहुणे आले आणि ती आतल्या खोलीत खेळतच बसली. चाचांनी संगणकाची वायर उपटली आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. आठवड्याभरात ती बंगळुरूला नोकरीला निघून गेली. पत्ता दिला नाही, फोन उचलला नाही. संगणक तेवढा मागे राहिला.

त्याच संगणकावर तिचं खेळातलं नाव सापडलं. मी चाचांच्या नावाचं खातं उघडलं आणि तिला मैत्रीची विनंती पाठवली. चौथ्या दिवशी तिने ती स्वीकारली. चाचा अख्ख्या कॅबला सांगत सुटले, "फोन उचलत न्हाई, पन हितं व्हय म्हनाली!"

या खेळात दोघं एकत्र उतरले की एकमेकांचा आवाज ऐकू येतो. चाचांना तेवढंच हवं होतं. त्यांना माफी मागायची होती. पण एकत्र उतरण्याआधी ज्याला त्याला सरावाचा टप्पा स्वतः पार करावा लागतो. त्यात तीन कडे. पळत यायचं, कड्यावरून उडी घ्यायची, हवेतच दुसरी उडी, आणि खाली पडायच्या आत समोरच्याला गोळी. कड्यावर क्षणभर थांबलं की पायाखालची फरशी निसटते आणि सगळं पहिल्यापासून.

चाचा नेमके थांबायचे.

दर रविवारी दुपारी मी पौडला त्यांच्या घरी जायचो. "बिस्मिल्ला" म्हणून ते सुरुवात करत. पहिले दोन कडे कसेबसे ओलांडत. तिसऱ्याची रुंद दरी दिसली की बोट आपोआप वर उचललं जाई. मी टेबलाखाली वाकून बघितलं, तर उजवा पाय जमिनीत रुतवलेला.

"चाचा, इथे ब्रेक नाही हो!"

"मला ठावं हाय. पायाला ठावं न्हाई."

कधी फारच वैतागत. "उडी मारायची, उडीत आनिक उडी, वर गोळी. मानसाला हात किती?" स्वयंपाकघरातून चाची म्हणायच्या, "एक आवरला असता तर ही येळ नसती आली." मग चाचा पुन्हा पहिल्या कड्यापासून सुरू करत.

मी म्हटलं, मीच पार करून देतो. "नगं. पोरगी म्हनंल, माफी मागायला बी भाड्यानं मानूस आनला." मग दोन ओळी लिहून तरी पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "हात उचलला सगळ्यांम्होरं, अन् माफी चिठ्ठीनं?" मीही तिला काही लिहायचं नाही, अशी शपथ घातली. ती मी पाळली. आजही त्याबद्दल स्वतःचा राग येतो.

एका रविवारी पडद्यावर तिचं नाव चमकलं. ती खेळायला बोलावत होती. दहा सेकंदांची मुदत. चाचांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. 'आधी सराव पूर्ण करा', एवढंच उत्तर येत राहिलं. मुदत संपली. पुढच्या आठवड्यात ते एकटे असताना तिने आणखी एकदा बोलावलं आणि तेच झालं. दुसऱ्या दिवशी कॅबमध्ये त्यांनी मला ते सांगितलं. त्या दिवशी पूल आला तरी ब्रेकचं वाक्य आलं नाही. त्यानंतर तिचं बोलावणंही आलं नाही. चाचांचा सराव मात्र सुरूच राहिला.

हिवाळ्यात एका सकाळी नमाजाहून परतताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

मुलगी तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला पोचली. चाचींनी मी कोण ते सांगितल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही शिकवत होता ना त्यांना? मग अब्बा आले का नाहीत? दोनदा बोलावलं मी. दोन्ही वेळा मला नुसता 'नकार' दिसला."

मी संगणक सुरू केला. सरावाच्या पानावर कोपऱ्यात किती वेळा पडलात त्याचा आकडा असतो. तो चार आकडी होता. तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तिसऱ्याला थांबायचे?"

"हो."

ती खुर्चीत बसली. कुठेही न थांबता तिने तिन्ही कडे एका दमात ओलांडले. टप्पा उघडला. पडद्यावर अक्षरं आली, 'आता जोडीदाराला बोलवा', आणि खाली चाचांच्या मित्रांची यादी.

यादीत एकच नाव होतं, तिचं स्वतःचं.